ड्रॅक्युलाने जाळलेले कागद

गेल्या पावसाळ्यात एका रात्री बेज्जूरला वीज गेली. आमच्याकडे रान जवळ, प्राणहिता जवळ. अंधार झाला की भुताखेतांच्या गोष्टी निघायला वेळ लागत नाही. सुट्टीत आलेली नात म्हणाली, "आजोबा, ड्रॅक्युलाला काय भ्यायचं? ऊन पडलं की तो जळून जातो."

मी म्हटले, "पुस्तकात तसं नाही, बाळ. पुस्तकातला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यात भर दिवसा उभा असतो."

तिला ते पटेना. तिने चित्रपट पाहिलेले. पुस्तक हाती धरलेले नव्हते. तिचे शिक्षण तेलुगू आणि इंग्रजीतून. मराठी बोलते छान, वाचते मात्र अडखळत. अखेर ठरले की, रोज जेवणानंतर मी इंग्रजी पुस्तक समोर घ्यावे आणि मराठीतून सांगत जावे.

ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ही कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात निवेदक असा कोणी नाही. रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे यांची ती एक चळतच आहे. आरंभीच्या चार प्रकरणांत तरुण वकील जोनाथन हार्कर काउंटच्या गढीत अडकतो, तेवढाच काय तो त्याचा निकट सहवास. पुढे काउंट बहुतेक दिसतच नाही. एका मुलीचा चेहरा पांढरा पडत जातो, खिडकीवर काहीतरी फडफडते, एक जहाज मृत कप्तानासह किनाऱ्याला लागते. प्रत्येकाला थोडेथोडेच ठाऊक असते. सगळे कागद एकत्र पाहणाऱ्या वाचकाला मात्र त्यांच्या आधी उमगते आणि तो मनातल्या मनात ओरडू लागतो. कॅमेऱ्यापुढे हे कसे आणायचे? तेथे कोणीतरी दिसावेच लागते.

मग उन्हाची कथा आली कोठून? ती १९२२ सालच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. दिग्दर्शक मुर्नाऊ यांनी नावे बदलून हीच कथा घेतली आणि शेवटी पिशाच्चाला सकाळच्या उन्हात विरघळवले. निर्मात्या संस्थेचे नाव होते 'प्राण फिल्म', आपल्या संस्कृतातील 'प्राण'वरूनच घेतलेले! स्टोकरच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. तरी काही प्रती वाचल्या, आणि चित्रपटाने बसवलेला नियम मूळ पुस्तकापेक्षा बलवान ठरला. १९५८ सालच्या रंगीत इंग्रजी चित्रपटात क्रिस्टोफर लीचा ड्रॅक्युला पडदे ओढून आत आलेल्या उन्हातच राख होतो. पुस्तकात त्याचा अंत दोन सुऱ्यांनी होतो, आणि हार्करच्या हातातील सुरी असते गुरख्यांची कुकरी! हे ऐकून नातीने मला दोनदा पान दाखवायला लावले.

पण मला खरी रुखरुख लागते ती मीनाविषयी. जोनाथनची ही पत्नी लग्नाआधी शाळेत शिकवणारी; लघुलिपी शिकलेली, टाइपरायटरवर हात बसलेली. सगळ्यांच्या रोजनिश्या तीच तारीखवार लावते, टाइप करते, प्रती काढते. त्यातूनच शत्रू ओळखू येतो. पुढे पुरुषमंडळी ठरवतात की, बाईमाणसाला या भीषण गोष्टींपासून दूर ठेवावे. ते तिच्यापासून सारे लपवतात, आणि नेमका त्याच दिवसांत काउंट तिला गाठतो. त्याच रात्री तो आणखी एक काम करतो. अभ्यासिकेत शिरून तो हस्तलिखिते आगीत टाकतो. चारशे वर्षे जगलेल्या त्या पिशाच्चाला कागदांची भीती वाटते! दुसरी प्रत तिजोरीत असते म्हणून निभावते. शेवटी काउंट कोणत्या नदीमार्गाने परतेल, हेही कागदपत्रे तपासून मीनाच सांगते.

चित्रपटांनी तिचे काय केले? १९३१ साली बेला लुगोसीचा झगा आणि त्याचे हंगेरियन उच्चार जगभर गाजले. तेथे मीना डॉक्टरांची नाजूक कन्या झाली. १९५८ साली ती आर्थरची पत्नी, भुलवून नेलेली. कोपोलाने १९९२ साली शीर्षकातच ब्रॅम स्टोकरचे नाव घातले. दिवसा हिंडणारा काउंट त्याने परत आणला, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण त्याने मीनाला काउंटच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म ठरवले. डोळ्यांना तो चित्रपट देखणा आहे. मात्र पुस्तकातली मीना काउंटवर प्रेम करीत नाही, ती त्याचा माग काढते. टाइपरायटर आहे, पण त्याचे काम हरवले.

नातीचा प्रश्न होता, "मराठीत असं काही आहे का?" आहे की! नारायण धारपांची 'लुचाई'. ती स्टीफन किंगच्या १९७५ सालच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. आणि ड्रॅक्युला विसाव्या शतकातल्या अमेरिकेत अवतरला तर काय होईल, या विचारातून किंगला ती कादंबरी सुचली होती. म्हणजे स्टोकरचा काउंट दोन समुद्र ओलांडून मराठीत आला, तोही पडद्यावरून नव्हे, पुस्तकांतून.

आमच्या कपाटातली 'लुचाई'ची प्रत हैदराबादेहून एका आप्ताने कधीकाळी आणलेली. पाने पिवळी, बांधणी सैल. जाताना नातीने ती मागितली. मी क्षणभर घुटमळलो, कारण ती एकच प्रत होती. मग दिली. आता रात्री तिचा फोन येतो. अडलेला शब्द विचारते, अर्थ ऐकते आणि "पुढचं सांगू नका हं, आजोबा" म्हणून घाईने फोन ठेवते.