कोलेस्टेरॉल कमी झाले तर आयुष्य कमी होते का?

डोंबिवलीचे एक काका, वय ६४. दोन वर्षांपूर्वी हार्ट ॲटॅक आला होता, ॲन्जिओप्लास्टी झाली होती. पावसाळ्यात ते बीपी तपासायला दवाखान्यात आले तेव्हा काकूंनीच विषय काढला. "डॉक्टर, ह्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी दोन महिने झाले बंद केलीय." काकांनी शांतपणे मोबाईल पुढे केला. त्यात एक फॉरवर्ड मेसेज होता. कोरियातल्या मोठ्या अभ्यासात कोलेस्टेरॉल २१० ते २४९ असलेले लोक सर्वांत जास्त जगले, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरवणे म्हणजे आयुष्य कमी करणे, असा त्याचा सारांश.

मेसेजमधला अभ्यास खरा आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. हा मेसेज वाचून गोळी बंद करणारे काका एकटेच नाहीत, म्हणून आज हे सविस्तर सांगतो.

अभ्यासात नेमके काय दिसले?

दक्षिण कोरियात सुमारे १ कोटी २८ लाख प्रौढांचे एकूण कोलेस्टेरॉल २००१ ते २००४ या काळात मोजले गेले. त्यानंतर २०१३ पर्यंत किती जणांचा मृत्यू झाला, हे पाहिले गेले. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक वयोगटांत २१० ते २४९ या पट्ट्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून वर ते वाढत होते आणि खालीही वाढत होते. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा दिसतो.

डेन्मार्कमध्ये सुमारे १ लाख ८ हजार लोकांच्या अभ्यासात, २०२० मध्ये, असाच आकार दिसला. तिथे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते १४० च्या आसपास असलेल्यांत एकूण मृत्यू सर्वांत कमी होते. मात्र कोलेस्टेरॉलची औषधे घेणाऱ्यांमध्ये हाच तळ ८९ ला होता. फॉरवर्ड करणारे ही ओळ गाळतात.

मग कमी कोलेस्टेरॉलवाले जास्त का दगावले?

कल्याणच्या एका आजींचे उदाहरण सांगतो. वय ७०. कोलेस्टेरॉलची कुठलीही गोळी चालू नव्हती. एका वर्षात त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १९० वरून १२० वर आले. मुलगा आनंदाने रिपोर्ट घेऊन आला. आजींचे वजन केले तर सात किलो उतरलेले. संध्याकाळी बारीक ताप येत होता, जेवणावर वासना नव्हती. पुढच्या तपासणीत क्षयरोग निघाला. उपचार पूर्ण झाल्यावर वजन भरून आले आणि कोलेस्टेरॉलही वर आले.

कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृतात तयार होते. यकृताचा सिरॉसिस, कर्करोग, क्षयरोग, थायरॉइडचे काम वाढणे, दीर्घ कुपोषण, अशा आजारांत ते आपोआप खाली येते. अनेकदा आजार कळण्याच्या आधीच येते. म्हणजे शरीर आतून आजारी असते म्हणून आकडा उतरतो. आकडा उतरला म्हणून माणूस आजारी पडला असे नसते. लाखो लोकांचे कोलेस्टेरॉल एकदाच मोजले, तर असे छुपे आजारी लोक कमी आकड्याच्या गटात जमा होतात आणि त्या गटातले मृत्यू जास्त दिसतात.

गोळीने कोलेस्टेरॉल कमी केले तर काय होते?

याचे उत्तर नुसत्या निरीक्षणातून मिळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडावे लागतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी.

असा एक गाजलेला अभ्यास १९९४ मध्ये युरोपातल्या नॉर्डिक देशांत पूर्ण झाला. ॲन्जायना असलेले किंवा हार्ट ॲटॅक येऊन गेलेले ४,४४४ रुग्ण त्यात होते. त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल २१२ ते ३०९ होते. म्हणजे काकांच्या मेसेजमधल्या 'सर्वांत चांगल्या' पट्ट्यातलेही रुग्ण यात होते. सुमारे साडेपाच वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ मृत्यू झाले, तर सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्या गटात १८२. दोन्ही गट जवळजवळ सारख्या संख्येचे होते.

पुढे २०१० मध्ये अशा २६ अभ्यासांतल्या सुमारे १ लाख ७० हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. एलडीएल साधारण ३९ ने उतरले की कोणत्याही कारणाने होणारे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी कमी झाले. कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. आजारामुळे उतरलेले कोलेस्टेरॉल आणि औषधाने उतरवलेले कोलेस्टेरॉल यांत हा फरक आहे.

माझ्यासाठी कोणता आकडा योग्य?

सगळ्यांसाठी एकच आकडा नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. एलडीएलचे लक्ष्य थोडक्यात असे:

- धोका कमी असलेली व्यक्ती: १०० पेक्षा कमी
- मधुमेह, उच्च रक्तदाब अशा कारणांनी धोका जास्त: ७० पेक्षा कमी
- हार्ट ॲटॅक, पक्षाघात होऊन गेलेला किंवा किडनीचा दीर्घ आजार असलेली व्यक्ती: ५५ पेक्षा कमी

रिपोर्टवर छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सर्वसाधारण माणसासाठी असते. ॲन्जिओप्लास्टी झालेल्या माणसाचे ९५ एलडीएल रिपोर्टमध्ये नॉर्मल दिसते, पण त्याच्यासाठी ते जास्तच आहे.

नुसते एकूण कोलेस्टेरॉल पाहूनही फसगत होते. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआर-इंडियॅब पाहणीत एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक १३.९ टक्के होते, पण चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले २९.५ टक्के होते. म्हणून पूर्ण लिपिड प्रोफाइल करावे. त्यासोबत वय, बीपी, साखर, तंबाखू आणि घरात कमी वयात कोणाला हार्ट ॲटॅक आला का, हे सगळे मिळून धोका ठरतो.

तापातून उठल्याबरोबर लिपिड तपासणी करू नका. डेंग्यूसारख्या संसर्गात कोलेस्टेरॉल तात्पुरते खाली दिसते. महिना-दीड महिना थांबा.

गोळी बंद करण्याआधी

स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर थोडी वाढते. त्यासाठी डोस कमी करता येतो, औषध बदलता येते. लघवी गडद होणे, तीव्र अंगदुखी किंवा कावीळ दिसली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच सांगा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार नसलेल्या व्यक्तीला नव्याने गोळी सुरू करायची का, हा निर्णय तब्येत पाहून, घरच्यांशी बोलून घ्यावा. रिपोर्ट चांगला आला म्हणून गोळी सोडू नका. तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

आणि कोलेस्टेरॉल कोणत्याही उपचाराविना बरेच उतरले असेल, वजन घटत असेल, भूक मेली असेल, तर आनंद मानू नका. तपासणी करून घ्या. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

घरी काय करता येईल?

सकाळची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याला 'रोज जिमला जा' म्हणण्यात अर्थ नाही. स्टेशनवरून शेअर रिक्षाऐवजी वीस मिनिटे चालत घरी या. सुट्टीच्या दिवशी तलावपाळी किंवा उपवनला फेऱ्या मारा. तेल महिन्याला माणशी अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर, एवढ्यात बसवा. स्टेशनबाहेरचा वडापाव रोजचा नको, कधीतरी चालेल. खारी, फरसाण घरात भरून ठेवू नका. डाळी, उसळी, पालेभाज्या, मूठभर शेंगदाणे चालतात. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट पूर्ण बंद.

काकांचे गोळी चालू असतानाचे एलडीएल ६२ होते. त्या दिवशी तपासले तर १३१ आले. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवल्यावर मला फार बोलावे लागले नाही. गोळी त्याच रात्री पुन्हा सुरू झाली. ६२ हा आकडाही त्यांच्यासाठी थोडा जास्तच असल्याने त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले.

तुमच्याकडेही असा मेसेज आला, तर तो आणि आपला शेवटचा रिपोर्ट, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत गोळी चालू ठेवा.