नौकेची छावणी

शहाडहून आंबिवलीकडे जाताना आपली लोकल उल्हास नदी ओलांडते. हीच नदी पुढे कल्याणला खाडी होते. १६५७ साली कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी इथेच जहाजं बांधायला घेतली. जहाज बांधणाऱ्याला एक प्रश्न सुटत नाही, तो म्हणजे पावसाळ्यात ते ठेवायचं कुठे? रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात जहाजांची छावणी कुठे करावी, याचाही विचार त्यात आहे.

आजही १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. लहान होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारतात. (घर शाकारावं, तशीच होडी शाकारायची. शब्द एकच, हे मला फार आवडतं.) मोठ्या नौका ओढून काढणं मात्र खर्चाचं आणि जिकिरीचं. मग त्या खाडीत, पाण्यातच नांगरतात. रत्नागिरीजवळची भाट्ये खाडी ही अशीच एक आसऱ्याची जागा.

पाण्यात ठेवायची तर नौकेला भीती कशाची? आपल्याला वाटेल, समुद्राची. पण लाकूड कुजतं ते पावसाच्या पाण्याने. खारं पाणी लाकडाला बऱ्यापैकी राखतं. गोडं पाणी तळाशी साचलं की बुरशी धरते. म्हणून वरचं छप्पर उतरतं हवं आणि दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी हवीत. घट्ट गुंडाळलेली नौका आतून घामेजते. गंमत अशी, की हेच गोडं पाणी बाहेरून उपकारही करतं. पुराने खाडी गोडी झाली, की तळाला चिकटलेले कवचाचे जीव आणि लाकूड पोखरणारा किडा मरू लागतो.

इंजिनातून गोडं पाणी फिरवून मीठ धुऊन काढायचं आणि मग ते पाणी सोडून द्यायचं. डिझेलची टाकी भरत आणून ठेवायची. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होऊन ते डिझेलमध्ये उतरतं. बॅटरी, वायरलेस, जाळी घरी न्यायची. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथलं पॅकिंग नीट आवळायचं. तिथून थेंब थेंब पाणी आत येतं. रोज नौकेवर माणूस असताना ते कोणी मोजत नाही. महिनाभर कोणी फिरकलं नाही, तर तेवढ्यानेही नौका बसते.

थंड देशांत हिवाळ्यात अशीच तयारी करतात. तिथे इंजिनात उरलेल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि लोखंड फोडतो. आपल्याकडे ती भीती नाही. आपली भीती दोराची.

दोर लांब ठेवला तर नौका शेजारच्या नौकेवर आदळते, आखूड ठेवला तर भरतीला ताणून तुटतो. लाकडाशी घासेल तिथे जुनं कापड गुंडाळायचं आणि नांगर दोन टाकायचे, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. पुराबरोबर ओंडके येतात, ते दोरात अडकतात.

रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळचे खलाशी असतात. बंदीच्या सुमारास ते गावी जातात. मागे मालक, एखादा राखणदार आणि कर्ज. ‘नाखवा’ या शब्दाचं मूळ फारसी ‘नाखुदा’त आहे. त्यातला खुदा म्हणजे मालक, नावेचा धनी. पावसाळ्यात या धन्याला पंचांग पाहावं लागतं.

तिथीला तीनाने गुणून चाराने भागलं, की भरती पूर्ण होण्याची वेळ अंदाजे कळते. पौर्णिमेला म्हणजे सव्वाअकरा, दिवसा आणि रात्रीही. त्या रात्री वर डोंगरात पाऊस असेल, तर भरतीपेक्षा ओहोटी अवघड. उतरतं उधाण आणि नदीचा पूर एकाच दिशेला ओढतात. सगळा भार वरच्या अंगाच्या नांगरावर आणि त्याच्या दोरावर येतो. राखणदार त्या दोरावर हात ठेवून बसतो, पहाटेपर्यंत.