रात्रीचा रोग, दिवसाची तपासणी

पुण्यातील एका बालरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात कोपऱ्यातील बाकावर बसून दम्याच्या मुलांची तपासणी पाहणाऱ्याच्या प्रथम ध्यानात येते ते हे की, ज्या रोगाचा शोध येथे चालला आहे तो बहुधा त्या वेळी तेथे हजरच नसतो. पहाटे तीन वाजता खोकून खोकून ज्याने सारे घर जागवले तो सात वर्षांचा मुलगा सकाळी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरील रबरी शिक्क्याशी निर्धास्त खेळत असतो, आणि नळी लावून ऐकावे तर छाती स्वच्छ. म्हणून सारी भिस्त आईच्या जबानीवर. खोकला धावल्यावर, हसल्यावर वाढतो काय. श्वास सोडताना शिट्टी वाजते की नाक चोंदल्याची नुसती घरघर. तान्हेपणी इसब होते काय, आजोळी कोणाला दमा, घरात विडी कोण ओढतो, अशी उलटतपासणी चालते. आणि आई ‘कधीकधी’ म्हणाली की बाई लेखणी थांबवून गेल्या चार आठवड्यांचा रात्रवार हिशेब मागतात. आवाज एकाच बाजूला असेल तर श्वासनलिकेत अडकलेल्या शेंगदाण्याचा, वजन वाढत नसून ताप रेंगाळत असेल तर क्षयाचा संशय आधी निवारावा लागतो.

यंत्राची साक्ष पाच-सहा वर्षांनंतरच उपयोगी, कारण त्याआधी मुलाला जोराने व अखंड फुंकणे साधत नाही. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा मोजायची, साल्ब्युटामॉल द्यायचे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजायचे. आकडा १२ टक्क्यांहून अधिक वाढला तर निदानाला बळकटी येते, न वाढला तरी दमा नाही असा फैसला होत नाही. त्याहून लहान मुलांत सर्दीबरोबर येणारी शिट्टी पुष्कळदा सहाव्या वर्षापर्यंत आपोआप ओसरते, त्यामुळे त्यांच्या कागदावर बाई संशयापलीकडे काही लिहीत नाहीत. ही तहकुबी मला कित्येक झटपट निकालांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटली. सौम्य, मध्यम, तीव्र हे वर्गही कायमचे नव्हेत: रोग आटोक्यात ठेवण्यास किती औषध लागते, त्यावरून ते दर भेटीत नव्याने ठरतात.

खरा तंटा उपचाराचा. ‘‘मॅडम, पंपाची सवय लागते म्हणतात. त्यापेक्षा पातळ औषध द्या की,’’ असे वडील म्हणाले, तेव्हा बाईंनी उपदेश न करता गणित मांडले: साल्ब्युटामॉलच्या पातळ औषधाच्या एका चमच्यात दोन मिलिग्रॅम, म्हणजे पंपाच्या वीस फवाऱ्यांइतके औषध, आणि तेही छातीत पोहोचण्याआधी सर्वांगात फिरून हृदयाची धडधड वाढवणारे. रोज घ्यावयाच्या स्टेरॉइडच्या पंपाने उंची सुमारे एक सेंटिमीटर कमी भरू शकते, हेही त्यांनी लपवले नाही. पुढचे काम परिचारिकेचे. पंप हलवायचा, स्पेसरच्या नळकांड्याला जोडायचा, एक फवारा, संथ पाच-सहा श्वास, दुसरा फवारा हवा असल्यास पुन्हा सारे पहिल्यापासून, शेवटी चूळ. नळकांडे साबणाच्या पाण्यात धुवायचे, पण पुसायचे नाही, कारण घासल्याने निर्माण झालेली वीज औषधाचे कण भिंतीलाच खेचून धरते. हे सारे तिने आईकडून करवून घेतले, आणि हलवण्याचे विसरताच निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावले.

‘‘बरा झाला की बंद करू ना?’’ हा वडिलांचा अखेरचा प्रश्न. बाईंचे उत्तर ठरलेले: तीन महिने एकही रात्र बिघडली नाही तर मात्रा थोडी उतरवू, आणि तीही सर्दीत किंवा गावी निघण्याच्या तोंडावर नव्हे.