सातिवलीच्या फाट्यावर थांबा

थंडी सुरू झाली की अहमदाबाद महामार्गावरून टपाला बॅगा बांधलेल्या गाड्या उत्तरेकडे निघतात. कुणाला कच्छचं रण पाहायचं असतं, कुणाला धोलावीरा, कुणाला थेट जैसलमेर. वाटेत वसईच्या पूर्वेला सातिवली लागते. कंपन्यांचे गाळे, गोदामं, कंटेनरच्या रांगा, उडणारी धूळ. गाडी थांबवावी असं इथे कुणाच्या मनातही येत नाही. पण प्राचीन अवशेष आणि कातळ बघायला घराबाहेर पडलेल्या माणसाने निदान एक दिवस सातिवलीच्या आसपास काढावा, असं मला मनापासून वाटतं.

वाळवंटातले अवशेष उघडे राहतात. तिथे पाऊस जेमतेम, झाडोरा विरळ, त्यामुळे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या धोलावीराच्या भिंती आणि जलाशय आजही नजरेत भरतात. २०२१ साली त्या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. कोकणचं याच्या अगदी उलट. चार महिने कोसळणारा पाऊस, गवत, रान आणि आता इमारती. इथला वारसा आपण होऊन समोर येत नाही. माहिती असेल तरच तो दिसतो.

सातिवलीच्या पाठीशी तुंगारेश्वरचा डोंगर आहे. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तुंगारेश्वराच्या देवळाकडे जाताना ओढ्यातले काळे धोंडे नीट बघावेत. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी पश्चिम भारतावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचाच हा बसाल्ट. पुढे माणसाने याच दगडात लेणी कोरली, पाणी साठवलं आणि राजाची आज्ञाही लिहिली.

ती आज्ञा सापडली जवळच, सोपाऱ्यात. आज आपण नालासोपारा म्हणतो ते हे प्राचीन बंदर. बौद्ध ग्रंथांत ते सुप्पारक आहे आणि पहिल्या शतकातल्या ग्रीक सागरी प्रवासवर्णनात सुप्पारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना इथल्या भातेला तळ्याजवळ बसाल्टचा एक तुटका तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग कोरलेला होता. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात हाती आला. अशोकाचे मोठे शिलालेख देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. वसई-विरारच्या रहिवाशाला आपल्या गावाची एवढी एक गोष्ट तरी ठाऊक असायलाच हवी.

१८८२ सालीच इंद्रजींनी गावकरी ज्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत ते टेकाड खणलं. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती, पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ ब्राँझमूर्ती. सात बुद्ध, आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. एवढ्या श्रद्धेने एकात एक ठेवलेल्या या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं.

या नाण्याचा माग काढत वसईची खाडी ओलांडावी आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरावं. तिथल्या कान्हेरी लेण्यांतलं तिसऱ्या क्रमांकाचं भव्य चैत्यगृह याच यज्ञश्रीच्या काळातलं. शंभराहून अधिक लेणी असलेल्या या डोंगराचा दगड साधा एकसंध बसाल्ट नाही. ज्वालामुखीतून उडालेले लहानमोठे टोकदार तुकडे एकमेकांत घट्ट बसून तो झाला आहे. भिंतीवर तिरपं ऊन पडलं की ते तुकडे सुटे ओळखू येतात. इतक्या खडबडीत दगडातून मूर्तीच्या चेहऱ्यावरची शांतता काढणारे हात काय ताकदीचे असतील! लेण्यालेण्याशी पाण्याची टाकी आहेत, कातळावरून त्यांच्यात उतरणारे पन्हळ आहेत. पावसाळ्याचं पाणी वर्षभर पुरवायची ती सोय आजच्या टँकरवर जगणाऱ्या वसाहतींनी जरूर बघावी. लेण्यांतल्या देणगीदारांच्या लेखांत सोपाऱ्याची माणसंही भेटतात.

हातात आणखी एक दिवस असेल तर भिवंडी, कल्याण, मुरबाडमार्गे नाणेघाट गाठावा. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने जुन्नरकडे आणि पुढे पैठणकडे चढत असे. मुख्य लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा लेख सगळे बघतात. मला त्याहून जवळची वाटते ती घाटातली पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ती दान दिल्याचं तिथेच दगडावर कोरलेलं आहे. तो व्यापारी होता की आणखी कुणी, हे लेख सांगत नाही. आपल्या गावापासून इतक्या दूर, चढ चढून दमलेल्या अनोळखी वाटसरूंची तहान त्याला आपली वाटली, एवढं मात्र स्वच्छ कळतं.

निघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कान्हेरी सोमवारी बंद असते. लेण्यांपर्यंत उद्यानाची बस मिळते. सोपाऱ्याचा स्तूप पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, विटांवर चढू नये आणि मुलांनाही चढू देऊ नये. अशोकाच्या आठव्या लेखाचा तो तुकडा मात्र सोपाऱ्यात दिसणार नाही. तो मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे. आधी स्तूप पाहा आणि मग त्या दगडासमोर जाऊन उभे राहा.