तिथी ठरलेली, मिरवणूक ठरवायची

६ जुलै २०२५ या तारखेच्या चौकोनात दोन नोंदी होत्या: आषाढी एकादशी आणि मोहरमचा आशुरा. एका बाजूला पंढरीच्या वाळवंटात विठ्ठलनामाचा गजर, दुसऱ्या बाजूला इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याचा शोक. आदल्या वर्षी, १७ जुलै २०२४ रोजीही हेच घडलं. त्याआधी २०२२ आणि २०२३ मध्ये आषाढीच्याच दिवशी बकरी ईद होती. अशा वेळी ‘दुर्मीळ योग’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. खरं तर हे साधं गणित आहे आणि ते वर्षानुवर्षं आधी मांडता येतं.

इस्लामी महिना चंद्रकोर दिसल्यावर लागतो, म्हणजे मराठी पंचांगातल्या शुद्ध द्वितीया-तृतीयेला. त्यामुळे त्या महिन्याची १० तारीख एकादशी-द्वादशीला येते, १२ तारीख त्रयोदशी-चतुर्दशीला. बकरी ईद जिलहिजची १० तारीख, आशुरा मोहरमची १०, ईद-ए-मिलाद रबीउल अव्वलची १२. एकदा का महिन्याशी महिना जुळला, की आषाढीशेजारी बकरी ईद किंवा आशुरा आणि अनंत चतुर्दशीशेजारी ईद-ए-मिलाद येणारच. इस्लामी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, त्यात अधिक मास नाही. आपल्याकडे साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास येतो आणि जोडी बदलते. २०२३ च्या अधिक श्रावणानं आषाढाची जोडी जिलहिजशी होती ती मोहरमशी लावली, भाद्रपदाची रबीउल अव्वलशी. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर ती पुन्हा सुटते.

या गणितातून एकामागून एक तीन कसोटीची वर्षं आली. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी. २०२४ मध्ये १६ आणि १७ सप्टेंबर, २०२५ मध्ये ५ आणि ६ सप्टेंबर. मुंबईत ईदचा मोठा जुलूस भायखळ्याच्या खिलाफत हाऊसपासून निघतो. विसर्जनाच्या दिवशी लालबाग-भायखळ्याच्या रस्त्यांवर काय गर्दी असते, ते मुंबईकराला सांगायला नको. मुस्लिम समाजाच्या प्रतिनिधींनी बैठका घेऊन जुलूस पुढे नेला: २०२३ ला २९ तारखेला, २०२४ ला १८ ला, २०२५ ला ८ ला. सुट्टीही त्याप्रमाणे ठेवली गेली.

यात काय सरकलं आणि काय नाही, हे नीट पाहायला हवं. मशिदीतलं दरूद पठण, घरातली मिलादची मजलिस याला कोणी हात लावला नाही. सरकली ती रस्त्यावरची मिरवणूक. आषाढीच्या वेळीही तसंच झालं. ईदची नमाज ठरल्या दिवशी झाली. राज्यात अनेक गावांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं आपणहून ठरवलं. कुर्बानीसाठी जिलहिजच्या १० ते १२ असे तीन दिवस असतात, त्यामुळे धर्माज्ञा मोडायचा प्रश्नच नव्हता. तिथी ही श्रद्धेची बाब, मिरवणुकीचा रस्ता आणि वेळ ही शेजारधर्माची. पहिलीला धक्का न लावता दुसरीवर बोलता येतं, हे या गावांनी दाखवून दिलं.

आशुरा मात्र सरकत नाही. ती शोकाची तिथी आहे, करबलाच्या स्मरणाची. तिथे दुसऱ्यानंच आवाज आवरायचा असतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या उंच ताबुतांमध्ये हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात. जिथे शोकात सहभाग असतो, तिथे डीजे बंद करायला कुणाचा हुकूम लागत नाही.

मिरवणुकीचा प्रश्न बिघडला की किती बिघडतो, हे भिवंडीनं पाहिलं आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल उसळली, न्या. मादन आयोगानं तिची चौकशी केली. १९८४ ला भिवंडी पुन्हा पेटली. पुढे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: सणाच्या आदल्या संध्याकाळी चौकीत भरणाऱ्या बैठकीसारख्या नव्हे, तर वर्षभर गल्लीगल्लीत भेटत राहणाऱ्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

भीतीपोटीही तारीख सरकते. २०१० ची ईद-उल-फित्र अमेरिकेत १० सप्टेंबरला आली, दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याचा नववा स्मृतिदिन. आपल्या हसण्या-खेळण्याचा कोणी विपरीत अर्थ लावेल या धास्तीनं अनेक ठिकाणी ईदचे मेळे आवरते घेतले गेले. तिथे शेजाऱ्याशी बोलून ठरवलेलं काही नव्हतं. मुंबईतला निर्णय मला मोठा वाटतो तो यासाठी, की तो घरात बसून घेतला गेला नाही, बैठकीत घेतला गेला. तरीही हे म्हणायलाच हवं: या तिन्ही वर्षी मुंबईत दिवस सोडला तो एकाच समाजानं. विसर्जनाची गर्दी लाखोंची आणि चतुर्दशी हलवता येत नाही, हे खरंच. पण म्हणून दर वेळी मागे सरणं हे त्या समाजाचं कर्तव्य होऊन बसत नाही.

आणि शासन? सुट्टी बदलल्याचा आदेश या तिन्ही वर्षी सणाच्या तोंडावर निघाला. शाळांनी वेळापत्रक बदललं, बँकांनी सूचना लावल्या, हातावर पोट असलेल्यांनी सुट्टी कधी ते शेवटपर्यंत विचारत राहायचं. चंद्रदर्शनानं फार तर एका दिवसाचा फरक पडतो. पुढल्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी काढतानाच जोडून येणारे सण वेगळे नोंदवून दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींना बोलावता येईल. मग जुलूस कधी, विसर्जनाचा मार्ग कोणता, हे गणेश मंडळांच्या परवान्यांआधीच ठरेल.