इंचभर उंचीची माणसं

शिपायाचे डोळे रंगवायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

शिपाई उंचीनं जेमतेम सव्वा इंच. त्याचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं. त्या तोंडावर डोळे म्हणजे ब्रशच्या टोकानं दिलेले दोन पांढरे ठिपके आणि त्यांवर दोन काळे. पहिल्या प्रयत्नात तो चकणा झाला, दुसऱ्यात घाबरलेला दिसू लागला आणि तिसऱ्यात त्याचा एक डोळा सरळ गालावर उतरला. शेजारी बसलेला माझा बारा वर्षांचा नातू बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘‘आजोबा, मनगट टेबलावर टेकवा. आणि श्वास सोडताना ठिपका द्या.’’ सदतीस वर्षं बँकेत सह्या केलेल्या हाताला एक शाळकरी पोरगा धडे देत होता. आणि त्याचं बरोबर होतं.

ही गोष्ट २०२४च्या हिवाळ्यातली. लेक-जावई इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला राहतात. नॉटिंगहॅम म्हटलं की आपल्याला रॉबिन हूड आठवतो. पण युद्धखेळांचे चिमुकले पुतळे रंगवणाऱ्यांची ती पंढरी आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं. या पुतळ्यांचे लहानमोठे कारखाने त्या परिसरात इतके, की छंदिष्ट मंडळी त्याला ‘लेड बेल्ट’ म्हणजे शिशाचा पट्टा म्हणतात. कारण पूर्वी हे पुतळे शिशाच्या मिश्रधातूचे ओतले जात. आता बहुतेक प्लास्टिकचे असतात.

या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी गेम्स वर्कशॉप. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी ती सुरू केली. १९७९मध्ये पुतळे ओतण्यासाठी ‘सिटाडेल’ निघाली, १९८३मध्ये ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि १९८७मध्ये त्याचा दूरच्या भविष्यकाळात घडणारा भाऊ, ‘वॉरहॅमर ४०,०००’. मी तिथं असतानाच, डिसेंबर २०२४मध्ये, ही कंपनी लंडन शेअर बाजारातल्या आघाडीच्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात जाऊन बसली. इंचभर पुतळ्यांवर उभी असलेली कंपनी! बँकेतल्या माणसाला एवढं सांगितलं, की तो आपोआप खुर्ची पुढे ओढतो. तशी मीही ओढली.

खेळ ऐकायला सोपा आहे. टेबलावर डोंगर, पडकी घरं मांडायची. दोघांनी आपापलं सैन्य उभं करायचं, टेपनं इंच मोजून पुढे सरकायचं आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. पण खेळ दोन-तीन तासांचा, आणि त्याची तयारी महिनोन्‌महिन्यांची. कारण सैन्य दुकानातून तयार येत नाही. येतात त्या राखाडी प्लास्टिकच्या चौकटी. त्यांत कुणाचा हात, कुणाचं डोकं, कुणाची ढाल असं सगळं सुटं अडकवलेलं असतं. ते कापून काढायचं, साच्याची शिवण तासून घालवायची, मग चिकटवायचं. पुष्कळ जण रंगवतात आणि खेळत मात्र कधीच नाहीत.

रंगवण्याचंही एक शास्त्र आहे. आधी प्रायमर. मग मूळ रंग, पण तो बाटलीतून थेट नाही. पाणी घालून पातळ केलेला. जाड एका हातानं पुतळ्याची नाकडोळी बुजतात, म्हणून पातळ दोन हात द्यायचे, हा तिथला पहिला धडा. आपल्याकडे दारं-खिडक्या रंगवणारा कुठलाही जाणता कारागीर हेच सांगेल. त्यावर आणखी पातळ गडद रंग सोडतात. तो आपोआप खाचाखोचांत उतरतो आणि सुरकुत्या, चिलखताचे सांधे ठळक होतात. या बाटल्यांना लोक थट्टेनं ‘बाटलीतलं कसब’ म्हणतात. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवट्यांवर फिकट रंग घासायचा आणि शेवटी कडांवर केसाएवढी उजळ रेघ ओढायची.

एवढा खटाटोप कशाला? तर एवढ्या लहान वस्तूवर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाही. हातभर अंतरावरून सगळा शिपाई एक डाग दिसतो. म्हणून ऊन आणि सावली दोन्ही रंगानंच द्यावी लागतात. याच कारणासाठी त्यांची डोकी आणि हात शरीराच्या मानानं मोठे घडवलेले असतात.

डोळ्यांचा प्रश्न निराळा. आपल्याकडे पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याचा मान मोठा असतो. बाकीचे रंग चढल्यावर त्याचा हात लागतो आणि मूर्ती आपल्याकडे बघू लागते. इथं पुष्कळांचा क्रम उलटा. डोळे आधी रंगवायचे. चूक झालीच तर भोवतीच्या कातडीचा रंग देताना ती झाकता येते. देव आणि शिपाई यांच्यातला फरक इथंही आहेच. पण ठिपका बरोबर बसला की जे होतं, ते मात्र दोन्हीकडे सारखंच. प्लास्टिकचा तुकडा एकदम कुणीतरी होतो.

या ‘कुणीतरी’ होण्यानं मला दोन महिने छळलं. त्याचं कारण सांगण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा.

टेबलावरच्या युद्धाचा पाया घातला प्रशियाच्या सैन्यानं. राइस्वित्झ नावाच्या लेफ्टनंटनं १८२४ साली आपल्या वडिलांचा खेळ सुधारून नियमांसह प्रसिद्ध केला. खरे नकाशे, फासे, एक पंच, आणि सैन्य म्हणजे लाल-निळे चौकोनी ठोकळे. एक ठोकळा म्हणजे एक तुकडी. ठोकळ्याला तोंड नसतं. अधिकाऱ्यांना हिशेब शिकवायचा तर तोंडाची गरजही नसते. हा खेळ खेळलेल्या सैन्यानं पुढे १८७०मध्ये फ्रान्सला हरवलं आणि मग साऱ्या युरोपचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

दुसरी वाट एच. जी. वेल्सची. आपल्याला तो ‘टाइम मशीन’चा लेखक म्हणून ठाऊक. त्याला जमिनीवर मांडी ठोकून शिशाच्या शिपायांशी खेळायचा नाद होता. विल्यम ब्रिटन या कंपनीनं १८९३मध्ये पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढल्यापासून ते स्वस्त झाले होते. वेल्सनं या खेळाचे नियम बांधले आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढलं. त्यात शेवटी त्यानं मांडलेला मुद्दा असा, की खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचं युद्ध कितीतरी बरं. पुढच्याच वर्षी खरं युद्ध सुरू झालं. खेळण्यांनी युद्ध टळत नाही, हे उघड आहे. म्हणूनच ‘मुलांच्या हाती ही मारामारी कशाला?’ असं मी लेकीला विचारलं, तेव्हा तिच्याशी फार वाद घालण्याइतका मुद्दा माझ्याकडे नव्हता आणि तिच्याकडेही. ती एवढंच म्हणाली, ‘‘बाबा, तो तीन-तीन तास एका माणसाकडे बघत बसतो. हल्ली कोण बघतं?’’

ते वाक्य मला लागलं, कारण मी बघितलं नव्हतं.

१९९६ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. मार्चअखेर आणि वसुलीचा हंगाम. वरून यादी आली होती. त्रेचाळीस थकबाकीदार, नावापुढे खातेक्रमांक, त्यापुढे रक्कम. समोर एक म्हातारा शेतकरी येऊन उभा राहिला. मी यादीतून मान वर न करता विचारलं, ‘‘खातेक्रमांक?’’ त्याला तो पाठ नव्हता. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, ‘‘साहेब, वर तर बघा.’’

मी वर पाहिलं, पण उशिरा. धोतराच्या सोग्यात बांधून त्यानं दोनशे रुपये आणले होते. हप्त्याला ते पुरत नव्हते. मी नियमाप्रमाणे पावती केली आणि नियमाप्रमाणे नोटीसही पाठवली. नियमात मी कुठंही चुकलो नाही. पण आज त्याचा चेहरा आठवायचा म्हटलं तर आठवत नाही. सोगा आठवतो, नोटांच्या घड्या आठवतात, खातेक्रमांकाचे शेवटचे दोन आकडेसुद्धा आठवतात. यादीतले बाकीचे बेचाळीस तर माझ्यासाठी राइस्वित्झचे ठोकळेच होते.

नॉटिंगहॅमच्या त्या टेबलावर भिंग लावून मी शिपायांच्या भुवया काढत होतो, तेव्हा हे सगळं वर येई. एका शिपायाला मला तीन तास लागत, नातवाला दीड. वीस जणांची तुकडी म्हणजे माझे साठ तास. साच्यातून सगळे सारखेच निघालेले. पण एकाचा गाल जरा गडद झाला, दुसऱ्याची भुवई तिरकी झाली, तिसरा चुकून हसरा झाला. दहावा शिपाई हाती घेतला तोवर मी त्यांना ओळखू लागलो होतो.

मग त्यांची पहिली लढाई झाली. या छंदात एक समजूत आहे: नवी रंगवलेली तुकडी पहिल्याच खेळात मरते. तसंच झालं. नातवाच्या मित्रानं मूठभर फासे टाकले आणि माझे दहापैकी सात पडले. एका फेकीत एकवीस तास! नातवानं ते उचलले, पण पेटीत ओतले नाहीत. एकेकाचा रंग कुठं खरवडला का ते उजेडात धरून पाहिलं आणि स्पंजच्या खाचांत आडवं निजवलं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्याचे डोळे आपण रंगवले, त्याला माणूस असाच ठेवतो.

लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही मावळे मांडायचो. डोकं तुटलेला मावळाही आम्ही टाकत नसू. त्याला मागच्या बुरुजाआड पहाऱ्यावर ठेवत असू. म्हणजे ही रीत मला तेव्हा ठाऊक होती. मधल्या काळात नोकरीत ती सुटली.

निघताना नातवानं मला दहा राखाडी शिपाई, पाच बाटल्या आणि एक चांगला ब्रश दिला. ‘‘आजोबा, घाई करू नका,’’ असं बजावलं. आता पुण्यात, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझा कारखाना आहे. हात थोडा कापतो. मनगट टेकवतो, श्वास सोडतो, ठिपका देतो. आठवड्याला एकच होतो. कुणी विचारतं, अजून किती राहिले? मी आकडा सांगत नाही. सध्या ज्याचे डोळे चालू आहेत, त्याची डावी भुवई तिरकी आहे, एवढंच सांगतो.