काडेपेटीएवढ्या कार्डावर पेढीचा हिशेब

व्यापारी बांधवांनो, कापडाच्या धंद्यात माल उधारीवर जातो आणि पैसा वहीच्या भरवशावर परत येतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआन शरीफात सूरे बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. वहीच्या जागी संगणक आला म्हणून ही जबाबदारी हलकी झालेली नाही. विणकर, रंगारी, गिऱ्हाईक यांचे येणे-देणे ही आपल्याकडची अमानत आहे.

काही पेढ्यांवर डॉसवर चालणारा फॉक्सप्रोचा किंवा क्लिपरचा जुना प्रोग्राम आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून चोख काम देतात. कारागिराला तो हातवळणी पडलेला असतो. मग एके दिवशी संगणक सुरूच होत नाही, आणि दुकानदार सांगतो, "शेठ, सगळेच नवीन घ्या." आमचे म्हणणे असे की आधी बिघडले काय ते पाहा.

मरते ती डिस्क

जुन्या संगणकात बहुतेक वेळा आधी जाते ती हार्ड डिस्क. तिच्यातील तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावर केसापेक्षाही कमी अंतरावर वाचणारे टोक तरंगत असते. शेजारी यंत्रमागांचा हादरा आणि मध्येच वीज जाणे, हे तिला मानवत नाही.

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डात फिरणारा एकही भाग नाही. सॅनडिस्क कंपनीने १९९४ साली आणलेले हे कार्ड पूर्वी कॅमेऱ्यात वापरत. आकार सुमारे ४३ बाय ३६ मिलिमीटर, म्हणजे काडेपेटीएवढा. त्याची बोली जुन्या आयडीई डिस्कचीच आहे. त्यामुळे कार्डाच्या ५० पिना आणि संगणकाची ४० पिनांची केबल जोडणारा साधा ॲडाप्टर पुरतो. संगणक कार्डालाच हार्ड डिस्क समजतो. औद्योगिक वापराची अशी कार्डे आजही बनतात.

डॉस मोफत

मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार असे दिसताच १९९४ साली अमेरिकेतील जिम हॉल यांनी फ्रीडॉसचे काम सुरू केले. त्याची १.० आवृत्ती २००६ साली आणि १.४ आवृत्ती २०२५ साली आली. तो मोफत आणि खुला आहे, म्हणजे चोरीची प्रत वापरण्याचा गुनाह डोक्यावर राहत नाही. त्याचा मूळ गाभा काही एमबीतच मावतो.

कार्डाला एकच पथ्य आहे. त्याच्या प्रत्येक कप्प्यावर ठरावीक वेळाच लिहिता येते. विंडोज सतत काहीतरी लिहीत राहते, तर डॉस बिल जतन करतानाच लिहितो. म्हणून दोघांची जोडी जमते. लिनक्स हवा असेल तर साधारण २५ एमबीची टायनी कोअर आवृत्ती आहे. ती सुरू होतानाच मेमरीत जाऊन बसते आणि पुढे कार्डाला फारसा हात लावत नाही.

करायचे कसे?

डिस्क अजून वाचता येत असेल तर आधी सगळा हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या. मग कार्ड जोडून एफडिस्कने विभाग पाडा, तो सक्रिय करा, फॉरमॅट करा आणि फ्रीडॉस बसवा. त्यानंतर प्रोग्राम व खाती त्यावर घ्या. महिनाभर बिले, खतावणी, छपाई तपासून पाहा. तोवर जुनी डिस्क टाकू नका.

सावधगिरी

लिहीत असताना वीज गेली तर कार्डावरचीही फाइल खराब होते, म्हणून यूपीएस हवाच. कार्डही कधीतरी मरणार, तेव्हा दोन कार्डे घ्या. रोज दुकान वाढवताना खाती दुसऱ्या कार्डावर उतरवा आणि ते घरी न्या. दुकानाला आग लागली तरी हिशेब शाबूत राहील. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. "संगणक बिघडला" हे उत्तर तिथे चालणार नाही.

जीएसटीचे विवरणपत्र आणि ई-वे बिल मात्र या यंत्रावरून भरता येणार नाही. त्यासाठी इंटरनेटचा वेगळा संगणक लागेल. कार्ड रीडरमधून डीबीएफ फाइल तिथे न्या. मोफत मिळणारे लिब्रे ऑफिस ती उघडते आणि मुनीमजींचे आकडे पुन्हा टंकण्याचे श्रम वाचतात.

ज्यांचा धंदा वाढला आहे, चार जणांना एकदम खाती पाहायची आहेत, त्यांनी नवी व्यवस्थाच करावी. पण ज्यांचे काम बिल आणि खतावणीपुरते आहे, त्यांनी चालते यंत्र भंगारात घालण्याआधी हा उपाय करून पाहावा. वाचलेला पैसा सुताच्या खरेदीला लागेल, इन्शाअल्लाह.